कोणाचा बोजा दिसतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं लग्नाच्या वऱ्हाडाचं सोंग घेऊन, गाड्यांवर नवरा-नवरीची नावं चिकटवून जालन्यात उतरली. ती हकिगत अजून रंगवून सांगितली जाते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तो मोंढ्यात कोणी चर्चेला घेतल्याचं ऐकिवात नाही. धाडीशी संबंध मोजक्या पेढ्यांचा होता. निकालाशी संबंध आहे तो उधारीवर माल घालणाऱ्या प्रत्येकाचा.

प्रश्न साधा होता. कर्ज बुडालं, तारण विकलं, तर आलेल्या पैशावर पहिला हात कोणाचा, बँकेचा की विक्रीकर खात्याचा? पूर्णपीठाने सांगितलं, तारणाची नोंद 'सरसाई'त केलेली असेल तर बँकेचा. 'सरसाई' म्हणजे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ३१ मार्च २०११ रोजी सुरू झालेली केंद्रीय नोंदवही. एकच मिळकत दोन-तीन बँकांना दाखवून कर्ज उचलण्याचे उद्योग थांबावेत म्हणून ती काढली. २०१६ मध्ये तिच्या कक्षेत यंत्रसामग्री, माल आणि येणी आली. २४ जानेवारी २०२० पासून कायद्याने नोंद करणाऱ्या धनकोला सगळ्यांच्या पुढे बसवलं, सरकारी करांच्याही पुढे. अपवाद दिवाळखोरी संहितेखाली गेलेल्या प्रकरणांचा.

सरकारच जिथे मागच्या रांगेत गेलं, तिथे कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहणारा शेतकरी कुठल्या रांगेत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि आमचा रोख त्यावर आहे. तारणाची नोंद झाली की ती जाहीर सूचना मानली जाते. तुम्ही नोंदवही पाहिली असो वा नसो, तुम्हाला ठाऊक होतं असं धरूनच पुढचा हिशेब होतो. ठीक आहे, कायदा असाच चालतो. पण माहिती सगळ्यांना आहे असं गृहीत धरायचं, तर ती सगळ्यांच्या हाती लागेल अशी तरी ठेवावी की नाही?

शेतकऱ्याच्या बाबतीत ती तशी ठेवलेली आहे. घनसावंगी किंवा भोकरदन तालुक्यातल्या कुठल्याही गावाचं नाव आणि गट नंबर टाका, सातबारा मोबाइलवर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. 'इतर अधिकार' या रकान्यात विकास सोसायटीचा इकरार, बँकेचा बोजा, रुपयांचा आकडा आणि शेजारी फेरफाराचा नंबर, सगळं मराठीत. सोयरीक जमवायला निघालेला पाहुणाही आधी सातबारा पाहतो. थकबाकीदार शेतकऱ्याला लाज आडोशाला ठेवण्याची सोय नाही. गंमत अशी की सरफेसी कायद्याने शेतजमीन लिलावात काढता येत नाही. ज्याचं तारण या कायद्याच्या बाहेर, त्याचं कर्ज गावभर उघडं.

आता जालन्याच्या एमआयडीसीत या. इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिलमधून निघणारी सळई राज्यभर जाते. भूखंड बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, मालक महामंडळ, त्यामुळे सातबारा पाहून काही उलगडत नाही. कारखाना कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर त्याच्या बोजांची सूची मिळते. कंपनीने बोजाची नोंद साधारण ३० दिवसांत करायची असते. हक्कलेख बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल तर २०१३ पासून त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. पण जिनिंग, डाळ मिल, आडत हा बराचसा धंदा भागीदारी फर्म आणि एकट्याच्या मालकीच्या पेढ्यांचा. त्यांची बोजाची नोंद कंपनी खात्यात नाही, फर्मच्या निबंधकाकडेही नाही. उरली 'सरसाई'. तिथे कोणालाही शोध घेता येतो, फी १० रुपये आणि वर कर. महाग नाही. पण सगळा कारभार इंग्रजीत, भरणा ऑनलाइन. मिळकतीवरून शोधायचं तर तिचं वर्णन नोंदीतल्या वर्णनाशी जुळायला हवं. गट नंबर एका ठिकाणी जुना, दुसरीकडे प्लॉट नंबर, तर शोधणाऱ्याच्या हाती भोपळा. अमेरिकेतल्या राज्यांत अशा नोंदी कर्जदाराच्या नावानेच लागतात आणि नाव टाकलं की सापडतात.

ही माहिती कोणाला लागते ते जिनिंगच्या आवारात पाहावं. गाडी काट्यावर जाते, वजनाची चिठ्ठी मिळते, कापूस गंजीवर पडतो. माल ताब्यात असेपर्यंत पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला तो अडवून धरण्याचा हक्क असतो. गंजीवर पडला की तो हक्क संपला. सीसीच्या, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या, करारात आज असलेला आणि उद्या येणारा, सगळाच साठा बँकेला नजरगहाण लिहून दिलेला असतो. त्यामुळे ज्या क्षणी शेतकऱ्याचा हात सुटतो त्याच क्षणी बँकेचा पडतो. माल बँकेला तारण असल्याची पाटी गोदामावर लावावी, असं बँका बजावतात. पाटी असतेही. पण बहुतेक वेळा ती आतल्या भिंतीवर, इंग्रजीत आणि गाठींच्या थप्पीमागे.

व्यापारी म्हणतील, आमची कर्जं चव्हाट्यावर आणली तर पत जाईल. सीसी असणं ही धंद्यात लाजेची गोष्ट नाही; उलट बँक पाठीशी आहे याचा तो दाखला. आणि गुप्ततेचा प्रश्न कायद्याने कधीच निकालात काढला आहे. नोंदवही जाहीर आहे. मग शेतकऱ्याला आकड्यासकट उघडं ठेवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पतीची एवढी काळजी का करावी?

शेतकऱ्याने प्रत्येक खेपेला 'सरसाई'त शोध घ्यावा, असं सुचवणं ही थट्टा होईल. ते काम परवाना देणाऱ्याचं आहे. व्यापाऱ्याचा किंवा जिनिंगचा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना बाजार समितीने कंपनी असेल तर बोजांची सूची, फर्म असेल तर 'सरसाई'चा अहवाल अर्जाला जोडून घ्यावा. त्याचा मराठी गोषवारा, कोणत्या बँकेचा, कशावर आणि किती, हंगाम सुरू होण्याआधी फलकावर लावावा. केंद्राने मराठीत नि नावावरून सहज शोध घेता येईल अशी सोय करावी, ही मागणी वेगळी आणि लांब पल्ल्याची. फलकाला मात्र ना दिल्ली लागते ना मुंबई, संचालक मंडळाचा एक ठराव पुरे. त्या मंडळात व्यापाऱ्यांचे प्रतिनिधीही बसतात. ठराव आणा, विरोधात हात कोण वर करतं ते इतिवृत्तात येऊ द्या.