तेजी चार वर्षांची, सारा तीस वर्षांचा



कापसाच्या भावाची गोष्ट निघाली की आपण बोंडअळी, पाऊस आणि व्यापारी यांच्यावर बोलतो. पण या भावाचा सगळ्यात मोठा खेळ १८६१ साली सात समुद्रांपलीकडे सुरू झाला, आणि त्याचे बिल इथल्या कोरडवाहू कुणब्याच्या नावावर फाटले.

त्या साली अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसात लढायला उठली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस दक्षिणेतून जाई. तो गुलामांच्या घामावर पिके. मळेवाल्यांनी हिशेब केला की कापूस अडवला तर इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल. त्यांनी स्वतःच माल रोखला. पण १८६० चे पीक भरघोस आले होते आणि इंग्लंडची गोदामे भरलेली होती. साठा संपेपर्यंत उत्तरेच्या आरमाराने बंदरे आवळली, आणि गिरणीवाले हिंदुस्थान व इजिप्तकडे वळले. माल अडवण्याआधी घेणाऱ्याच्या कोठारात डोकावून पाहावे, हा धडा त्या मळेवाल्यांनी आपल्यासाठी ठेवला आहे.

मुंबईच्या बाजारात कापूस तिपटीच्या वर गेला. वऱ्हाड-खानदेशात ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. मात्र वऱ्हाडचा बराच माल बैलगाड्यांनीच निघे. ज्या कापसासाठी मँचेस्टरवाले रेल्वेची ओरड करत होते, ती रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. खामगावचा फाटा झाला १८७० साली. आणि लढाई तर एप्रिल १८६५ मध्येच संपली होती! गाडी आली तेव्हा तेजी गेली होती. पुढे त्याच गाडीतून मँचेस्टरचे कापड गावात उतरले.

शांततेची बातमी आली आणि मुंबईत हाहाकार उडाला. कापसाच्या पैशावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या होत्या. त्यांचे शेअर मातीमोल झाले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. या बुडालेल्यांचे देणे निस्तरायला १८६५ सालीच खास कायदा झाला. शहरातल्या सट्टेबाजाला त्याच वर्षी सवलत मिळाली.

शेतकऱ्याचे काय झाले? पुणे-नगरकडे मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे. पण कापसाच्या पैशाने आणि रेल्वेच्या कामांनी तिथेही धान्याचे भाव चढले होते. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास तीस वर्षांसाठी बांधलेला सारा नेमका याच वेळी मुदतीला आला. नवी आकारणी करताना साहेबांनी तेजीचे भाव डोळ्यांपुढे धरले. आकार भरमसाट वाढला आणि लगेच भाव कोसळले. सारा भरायला कर्ज, कर्ज फेडायला पुन्हा कर्ज. तेजीच्या काळात हात सैल सोडणारा सावकारही आता आखडला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला. लोकांनी मागितल्या त्या कर्जाच्या वह्या आणि खते, आणि त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने ठरवले की दोष सावकाराचा, साऱ्याचा नाही! म्हणजे फिर्यादी सरकार, न्यायाधीश सरकार आणि निर्दोष सुटलेला आरोपीही सरकारच. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला तो १८७९ साली. सट्टेबाजानंतर चौदा वर्षांनी. मधल्या १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

आणि अमेरिकेत? गुलाम मुक्त झाले, पण जमीन मिळाली नाही. ते बटईने कापूस करू लागले, उभ्या पिकावर दुकानदाराची उधारी घेऊ लागले. १८७० चे दशक संपता संपता तिथला कापूस युद्धाआधीच्या उत्पन्नापुढे गेला. ज्याच्या मालाने आपला भाव पाडला, तोही आपल्यासारखाच कर्जात होता. दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने आयातीवरचा ११ टक्के कर उठवला. पुढच्या हंगामात भाव उतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये भाव पडलेले असतानाही तोच कर पुन्हा वर्षअखेरपर्यंत उठवला. तेजीच्या वर्षी ठरलेला मक्ता आणि काढलेले ट्रॅक्टरचे कर्ज मंदीत आपोआप कमी झाले का?

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टींवर बोलू. मक्ता आणि कर्ज एका वर्षाच्या भावावर नको, पाच वर्षांच्या सरासरीवर बसवा. पेरणी झाल्यावर आयातकर बदलू नये, ही मागणी एकमुखाने लावून धरा. आणि भाव कितीही चढो, घरच्या ज्वारीचे आणि कडब्याचे रान कपाशीला देऊ नका. तेजी पाहुणी आहे. तिचा पाहुणचार करा, पण सातबारा तिच्या हाती देऊ नका.