गटात पेन्सिल कोणाच्या हातात?

गणिताच्या तासाला नुसते गट पाडले की एक मूल सोडवतं, बाकीचे उतरवून घेतात. हे गटकार्य नव्हे. मी चौघांचा गट करते. काड्या आणि पेन्सिल ज्याला जमत नाही त्याच्या हातात. ज्याला येतं त्याने फक्त प्रश्न विचारायचे.

५२ − २७ चं उत्तर एकाने ३५ काढलं. सातातून दोन वजा केले होते! गटातली मुलगी म्हणाली, "दोनच सुट्या काड्या आहेत, सात कशा देशील?" त्याने दहाचा एक गठ्ठा सोडला, बारा सुट्या झाल्या, २५ उरल्या.

"आमच्या हुशार मुलीचा वेळ जातो," असं पालक म्हणतात. पण असा नेमका प्रश्न विचारायला तिलाही वजाबाकी नीट उमगावी लागते. एकदा करून तर बघा!