लिंबाची परीक्षा

दिवाळीची साफसफाई निघाली की फ्रँकफर्टच्या मराठी घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो: बाथरूममधले पाण्याचे पांढरे डाग कशाने घालवू? मी उलट विचारते, "आधी दगड कुठला ते सांगा."

इकडे अशा डागांवर व्हिनेगरचं किंवा सायट्रिक ॲसिडचं क्लीनर मारतात. काचेवर ते चालतं. संगमरवर मात्र मुळात चुन्याचाच दगड. ॲसिड डागाबरोबर त्याचं पॉलिशही खातं. मग उरलेला निस्तेज पट्टा पुसून जात नाही, कारण तो डाग नसतो, झीज असते. कारागिराकडून पुन्हा पॉलिशच करावं लागतं. भाड्याच्या घरात हा खर्च डिपॉझिटवर येऊ शकतो, आणि ते 3 महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं.

आपल्याला हे नवीन नाही. गावाकडच्या ओट्यावरचा कडप्पा आठवा. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की काळ्यावर पांढुरका चट्टा. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडकच. इथल्या खिडक्यांची 'युरा मार्बल'ची फळीसुद्धा बव्हेरियातला चुनखडक; नीट पाहिलंत तर त्यात जीवाश्म दिसतील. आपल्यापासून तासाभरावरच्या फिलमारचा लान-मार्बलही तसाच. नाव मार्बल, जात चुनखडकाची.

म्हणून नवं किचन घेताना नावावर जाऊ नका. दुकानातून निवडलेल्या दगडाचा तुकडा मागून घ्या. त्यावर एका कोपऱ्यात लिंबाचा रस, दुसऱ्यात तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवा. रसाने चमक गेली, तर तो दगड आपल्या ओट्याचा नव्हे. हळद आत मुरली, तर दगड पाणी-तेल पिणारा आहे. त्याला सीलर लावून घ्यावा लागेल. आपल्या स्वयंपाकाला अस्सल ग्रॅनाइट बरा, तो लिंबाला दाद देत नाही.

घरात संगमरवर असेलच, तर तीन सवयी पुरतात. आंघोळीनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून घ्या. पाणी सुकलंच नाही तर चुना बसणार नाही. पुसायला न्यूट्रल क्लीनर वापरा. बाटलीवर 'एसिग' किंवा 'त्सिट्रोनेन' दिसलं की ती परत ठेवा. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीखाली ताटली ठेवा.

सीलर टिकलाय का, ते पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. तो मुरून दगड काळवंडला, तर फराळाची कढई चढवण्याआधी सीलरचा एक हात मारून घ्या.