आधीं पाणी, मग औषध

काचपात्रांतील मासा मलूल झाला, कीं मुलें औषधाच्या बाटलीकडे धांव घेतात. आमच्या मतें ही घाईच माशाच्या जिवावर बेतते. गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील दोन गोल्डफिश असेच दगावले. आम्हीं औषध घातलें, पाणी तपासलें नाहीं. तो दोष आमचाच होय.

मासा वर येऊन धापा टाकूं लागला, तर प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. नव्या पात्रांत उपकारक जंतु वाढण्यास कांहीं आठवडे लागतात; तोंवर विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून होणारा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. अशा वेळीं चौथा हिस्सा पाणी काढून तितकेंच क्लोरीनरहित, सारख्याच उष्णतेचें पाणी घालणें हा पहिला उपचार होय.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो 'इक' नांवाच्या सूक्ष्म परोपजीवीचा उपद्रव समजावा. हा जीव कातडींत दडला असतां त्यास औषध बाधत नाहीं. पाण्यांत मोकळा पोहूं लागल्यावरच तो मरतो. म्हणून ठिपके मावळले तरी औषध ठरल्या मुदतीपर्यंत चालूं ठेवावें.

मुक्या जिवास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं; तें ओळखणें पाळणाराचें कर्तव्य आहे. तेवढा धीर नसेल, तर पालकांनीं मुलांस मासा आणूनच देऊं नये.