विकताना क्लासिक, दुरुस्तीला भंगार

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन दोन दुकानं फिरलो. पिशवीत होतं सोनीचं प्लेस्टेशन २, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पीएस टू म्हणतात ते. माझ्या धाकट्या भावाने पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेलं. पंधरा वर्षं घरातली, शेजारपाजारची पोरं त्यावर खेळली, आता लेन्स डिस्क वाचत नाही. इतक्या वापरानंतर लेन्स थकणारच, त्यात कुणाचा दोष नाही.

पहिला दुकानदार दुरुस्तीवाला. पिशवीत डोकावूनच म्हणाला, "सर, हे बंद झालंय. पार्ट येत नाहीत. भंगारात टाका." दुसरं दुकान जुन्या गेमचं. तिथे काचेच्या कपाटात अगदी हेच मॉडेल ठेवलेलं, वर चिठ्ठी 'क्लासिक', आणि किंमत आमचं नवं घेतलं होतं त्याहून जास्त. मी विचारलं, आमचं घेता का? तो म्हणाला, "जुना माल आहे सर. ठेवून जा, शंभर-दोनशे देतो."

बाहेर आल्यावर भाच्याने विचारलं, "मामू, आपलं मशीन नक्की काय आहे? क्लासिक, चालू, की भंगार?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. कंपनीने बनवणं बंद केलेला कन्सोल क्लासिक धरायचा की चालू, यावर गेम खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षं भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो, ज्या दिवशी उत्पादन थांबलं त्या दिवशी तो क्लासिक झाला. दुसरा म्हणतो, छे, अमुक इतकी वर्षं जायला हवीत. माझं म्हणणं असं की दोघंही चुकीचा प्रश्न विचारतायत. खरा प्रश्न आहे तो हा, की हे नाव कोण ठेवतो आणि ते ठेवून कुणाचा फायदा होतो?

आधी पहिल्या पक्षाचं बघू. उत्पादन थांबलं की क्लासिक, ठीक. पीएस टू जपानमध्ये मार्च २०००मध्ये आलं. डिसेंबर २०१२च्या शेवटी सोनीने जपानमध्ये ते पाठवणं थांबवलं आणि जानेवारी २०१३मध्ये जगभरचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर केलं. पण त्याच वर्षी सप्टेंबरात त्यावर 'फिफा १४' आला. म्हणजे 'मयत' जाहीर झाल्यावर आठ महिन्यांनी नवा गेम! 'फायनल फँटसी ११' हा ऑनलाइन गेम जपानमध्ये पीएस टूवर मार्च २०१६पर्यंत चालू होता. आणि सोनीचं जपानमधलं दुरुस्ती केंद्र ही मशीन २०१८पर्यंत घेत होतं. आता सांगा, यातली कोणती तारीख खरी? कारखान्याची, शेवटच्या गेमची, सर्व्हरची, की दुरुस्तीची? एकाच मशीनच्या चार मयतीच्या तारखा, आणि चारही कंपनीच्या वहीतल्या. वापरणाऱ्याची वही कुणी उघडलीच नाही.

दुसरा पक्ष वर्षं मोजतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिने २०१०पूर्वीचे गेम क्लासिक धरले. पाहणीसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती रेघ आपल्या अंगणात आणून बघा. प्लेस्टेशन ३ जपान-अमेरिकेत २००६मध्येच आलं होतं, म्हणजे तिकडे पीएस टू 'मागची पिढी' झालं होतं. आपल्याकडे मात्र त्याची खरी भरभराट त्यानंतरची. भारतात तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि आपल्या मातीतले खेळ घेऊन आलेला 'देसी अड्डा' हे दोन्ही गेम पीएस टूवर आले ते २००९मध्ये. तिकडच्या लोकांनी ज्याला निरोप दिला, त्याचं आपल्याकडे बारसं चाललं होतं. मग मशीन कुणाच्या घड्याळाने जुनं झालं?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कंपन्यांना 'क्लासिक' आणि 'चालू' हे दोन्ही शब्द हवे असतात, फक्त सोयीच्या वेळी.

विकायचं असेल तेव्हा क्लासिक. २०१८च्या डिसेंबरात सोनीने पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती काढली, नावच 'प्लेस्टेशन क्लासिक', आत वीस जुने गेम. गंमत पुढे आहे. याच पहिल्या प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, बनवणाऱ्या कनेक्टिक्स आणि ब्लीम या दोन कंपन्यांना सोनीने १९९९मध्ये कोर्टात खेचलं होतं. आणि स्वतःच्या 'क्लासिक'मध्ये काय वापरलं? हौशी लोकांनी तयार करून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला एम्युलेटर. कायद्याने त्यात काही चूक नाही, खुला म्हणजे खुला. पण दुसऱ्याने केलं तर कोर्टकचेरी आणि आपण केलं तर वारसा, हे कसं?

उलट, कुणी जपायला मागितलं की तोच माल एकदम 'चालू' होतो. वर सांगितलेल्या पाहणीत दिसलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत. म्हणून ग्रंथालयांनी मागणी केली की असे गेम संशोधकांना दुरूनही अभ्यासता यावेत, तेवढी सवलत द्या. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मागणी फेटाळली. एक भीती अशी सांगितली गेली की जुन्या गेमच्या बाजाराला धक्का बसेल. जी वस्तू विकतच नाही, तिचा बाजार!

म्हणजे आमच्या त्या दोन दुकानांत जे घडलं, तेच वर मोठ्या पातळीवर घडतंय. काचेच्या आत क्लासिक, पिशवीत भंगार.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून मला हा खेळ ओळखीचा वाटतो. उर्दूत 'मतरूक' असा एक शब्द आहे, म्हणजे टाकून दिलेलं. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या उस्तादांनी कितीतरी शब्द मतरूक ठरवले. दखनी तर त्यांच्या लेखी कधीच मागे पडलेली. पण माझी अम्मी आजही सकाळ-संध्याकाळ 'नक्को' म्हणते, आणि तिला कुणी सांगितलेलं नाही की ती क्लासिकी जबान बोलतेय. दुसरीकडे ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी मराठी चालू भाषा राहिली नाही का? दुसऱ्या दिवशी मी वर्गात याच भाषेत हजेरी घेतली. अभिजात आणि चालू एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांचा शत्रू एकच, मतरूक. आणि मतरूक आपोआप होत नाही, कुणीतरी ठरवून करतं.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांना बगल देणार नाही.

पहिला चोरीचा. जुने गेम मोकळे केले तर पायरसी वाढेल. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या मशीनलाही चिप लावलेली होती आणि रस्त्यावरच्या डिस्क आम्हीही आणल्या. अभिमान नाही त्याचा, गैर ते गैरच. पण वस्तू विकत मिळत असताना चोरणं आणि ती कुठेच मिळत नसताना जपणं, या दोन गोष्टींना एकच नाव देणं हाही अन्यायच. पैसे देऊन घ्यायला तयार असलेल्या माणसाला तुम्ही गल्ला बंद करून सांगता की मागच्या दाराने येऊ नको. मग त्याने यायचं तरी कुठून?

दुसरा आक्षेप आपल्यातलाच. काही मित्र म्हणतील, सर, हे खेळ म्हणजे फुजूल गोष्ट, यावर एवढी शाई कशाला? खेळणं फुजूल की नाही, हा वेगळा वाद, कधीतरी घालू. पण चालणारी, एका लेन्सने चालू शकणारी वस्तू फेकायला लावणं हा इसराफ आहे, उधळपट्टी आहे, याबद्दल तर आपल्यात दुमत नसावं. आज गेमचं मशीन आहे, उद्या शिवणयंत्र असेल, परवा हातातला मोबाइल.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. कंपनीने एक काहीतरी निवडावं. चालू म्हणत असाल तर चालू ठेवा: सुटे भाग द्या, दुरुस्ती करा, गेम विकत मिळू द्या. क्लासिक म्हणत असाल तर क्लासिकसारखं वागवा: ग्रंथालयांना जपू द्या, दुरुस्तीचे नकाशे खुले करा. हक्क चालू मालाचे आणि जबाबदारी बंद मालाची, हे चालणार नाही. आणि हे अशक्य नाही. २०२१च्या मार्चमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हीटाची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की पुढच्याच महिन्यात चूक मान्य करून ती चालू ठेवावी लागली. म्हणजे वहीत वापरणाऱ्यालाही लिहिता येतं, जोर लावला तर.

आमच्या पीएस टूचं काय झालं? मोहल्ल्यातल्या एका रेडिओ-टीव्हीवाल्या चाचांकडे एक मेलेलं मशीन पडून होतं. त्यांनी त्याची लेन्स काढून आमच्यात बसवली. भाचा आता त्यावर क्रिकेट खेळतो. मी त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलंय: जोवर तू खेळतोस, तोवर चालू. क्लासिक आहे की नाही ते तुझी पोरं ठरवतील, दुकानदार नाही.