नवी नोकरी, नवे घर आणि पंधरा दिवसांची रजा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकोणतीस वर्षांचा एक तरुण रात्रीच्या एसटीने गावी उतरला आणि सकाळी वडिलांबरोबर दवाखान्यात आला. अंगात १०३ ताप, जीभ पांढरी, पोट जड. पाच दिवस मेडिकलमधून तापाच्या गोळ्या घेऊन तो चाकणच्या कारखान्यात पाळी करीत होता. रक्ततपासणीत टायफॉईड निघाला. पंधरा दिवस विश्रांती घे, असे सांगताच तो म्हणाला, "डॉक्टर, सोमवारी हजर व्हायलाच पाहिजे. एखादं पॉवरफुल सलाईन लावा. अजून प्रोबेशन चालू आहे, आणि पाच तारखेला घराचा हप्ता आहे."

सलाईन म्हणजे मीठपाणी. त्याने टायफॉईडही मरत नाही आणि हप्ताही भरला जात नाही. पण आजारी माणसाशी किती वाद घालणार?

आरोग्याच्या सदरात गृहकर्जाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे तिशीच्या आतबाहेरच्या पेशंटला "झोप का लागत नाही?" असे विचारले की दहातले तीन-चार जण हप्त्याचे नाव काढतात. ॲसिडिटी, डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब ही दुखणी गोळीने काही दिवस दबतात, एवढेच.

या मुलाचा हिशेब त्याच्या परवानगीने सांगतो. जुन्या नोकरीत हातात तीस हजार मिळत. नव्या कंपनीत पंचेचाळीस हजार मिळू लागले. तिथे लागून जेमतेम तीन महिने झाले होते, कायम व्हायला सहा महिने होते. बँका साधारणपणे नव्या नोकरीतल्या पगाराच्या काही महिन्यांच्या स्लिपा मागतात आणि प्रोबेशनवाल्याला लवकर दारात उभे करीत नाहीत. पण याचा आधीचा अनुभव त्याच कामाचा होता आणि वडील सहकर्जदार म्हणून सही करायला तयार होते, म्हणून कर्ज मंजूर झाले. तीस लाखांचा तयार फ्लॅट, त्यावर पंचवीस लाखांचे कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिना २१,६९६ रुपये हप्ता. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ रुपये नुसते व्याजाचे. मुद्दलातून चार हजारसुद्धा कमी होत नाहीत.

वरचे पाच लाख, मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी मिळून सात लाखांहून जास्त रक्कम घरून गेली. मुलाची पुंजी संपली, वडिलांच्या फंडाचाही मोठा भाग गेला. फ्लॅटची चावी हातात आली त्या दिवशी त्याच्या खात्यात चार हजार रुपये होते. मला काळजी वाटते ती या दिवसाची. माणसाच्या डोक्यावर सर्वांत मोठी जबाबदारी येते, नेमकी त्याच दिवशी शिल्लक सर्वांत कमी असते. त्यात नोकरी नवी, म्हणजे रजाही साठलेली नसते. जुन्या नोकरीत पंधरा दिवसांचा टायफॉईड हक्काच्या रजेत निभावला असता. नव्या नोकरीत तो बिनपगारी.

पुढे काय झाले ते सांगतो. सहाव्या दिवशी ताप उतरला. मुलगा मला न विचारता चाकणला गेला. चौदा दिवसांच्या गोळ्यांपैकी निम्म्या बॅगेतच राहिल्या. टायफॉईडचा ताप उतरला म्हणजे जंतू संपले असे नसते. ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो उलटू शकतो, आणि दुर्लक्ष झाले तर आतड्यातून रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाते. तो उलटलाच. या वेळी दवाखान्यात भरती करावे लागले. बावीस दिवस बिनपगारी गेले, हातात बारा हजार आले आणि पाच तारखेचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला. बँकेने दंड लावला. कंपनीने प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवले. पुढचा हप्ता आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरला. त्या बाईंनी मला हे सांगितले ते मुलगा तपासणीच्या खोलीत असताना, हळू आवाजात.

"तुम्ही जुन्या वळणाचे लोक, निवृत्त झाल्यावर फंडातून घर बांधणारे," असे मुले मला ऐकवतात. त्यात तथ्य आहे. भाडे भरण्यापेक्षा हप्ता बरा, हेही मला पटते. घर घेऊच नका, असे मी म्हणत नाही. पण कायम झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत थांबा, आणि सहा हप्त्यांची रक्कम घराच्या पैशांतून वेगळी काढून ठेवा. तेवढी निघत नसेल तर घर लहान घ्या. बिल्डर म्हणतो, दसऱ्यानंतर भाव वाढणार. तो दर दसऱ्याला हेच म्हणतो.

आणि हप्ता आज आहे तेवढाच राहील, असे धरून चालू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला होता. याच पंचवीस लाखांवर व्याज सातवरून साडेनऊ टक्के झाले तर हप्ता १९,३८२ चा २३,३०३ होतो. पुष्कळदा बँक हप्ता तेवढाच ठेवून वर्षे वाढवते, त्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही.

आता एक गोष्ट माझ्या धंद्यातली. कर्जाबरोबर विमा घ्यायला सांगतात. तो कायद्याने सक्तीचा नाही, तरी घरात कमावता एकटाच असेल तर घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र हा विमा बहुधा मृत्यूनंतर कर्ज फेडतो. टायफॉईडच्या महिन्यातला हप्ता तो भरत नाही. आणि त्याच्या फॉर्मवर आजारांचे रकाने असतात. ते घाईत कोणीतरी दुसराच भरतो, सगळीकडे "नाही".

महिन्यापूर्वी असाच एक जण आला. वय चौतीस, दोन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू, नवी नोकरी, नवे कर्ज. साखर नॉर्मल असल्याचा दाखला मागत होता. मी दिला नाही. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कंपनी लपवलेल्या आजाराचे कारण दाखवून दावा नाकारू शकते. म्हणजे कर्ज सर्वांत मोठे असते त्याच वर्षांत बायकोला विमा मिळणार नाही आणि हप्ता मात्र चालू राहील. तो रागावून गेला. आठवड्याने परत आला. रकान्यात "मधुमेह, दोन वर्षे" असे लिहिले होते, कंपनीने तपासण्या करून थोडा जास्त प्रीमियम लावला होता. फॉर्मची झेरॉक्स मी मागून घेतली आणि त्याच्या केसपेपरला टाचून ठेवली आहे.