कृपया घासू नये

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने रसायनशास्त्राच्या बाबतीत मी तोंड उघडू नये, असे आमच्या मेव्हण्यांचे स्पष्ट मत आहे. मेव्हणे स्वतः बी.एस्सी. आहेत. म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक परीक्षानळी फोडली होती, आणि तेव्हापासून लोणच्याच्या खारापासून अणुबाँबपर्यंत सर्व विषयांत सासरवाडीतला अखेरचा शब्द त्यांचाच असतो. पण गेल्या चैत्रात माझ्या मोटारीच्या मागच्या सीटवर जे घडले, त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नाही. बी.कॉम. झालेल्या माणसालाही काही स्वाभिमान असतो. सीटवरचे चिवट डाग घरच्या घरी काढण्याचे जे एक शास्त्र आपल्या मध्यमवर्गात बोकाळले आहे, त्याच्याविरुद्ध ही माझी लेखी तक्रार समजावी.

आधी हकीकत सांगतो. मोटार सेकंडहँड आहे. कर्ज तेवढे कोरे करकरीत. सीटच्या कापडाचा रंग, कंपनीच्या भाषेत, ‘बेज’. हा रंग ज्याने निवडला तो गृहस्थ धाराशिव जिल्ह्यात कधी उतरला नसावा. आमच्याकडे पायाला काळी माती, हातात कुंथलगिरीचा पेढा आणि कपाळाला भंडारा. इथे कापड घ्यायचे ते मळखाऊ, हे दुकानातल्या पोऱ्यालाही कळते.

तर चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. धाराशिवाहून वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता. दर्शन झाले, ओटी भरली, आईने कपाळभर मळवट भरला आणि प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन ती मागे बसली. मी तिला देवस्थानाच्या गर्दीविषयी माझी मते ऐकवत होतो. त्या भरात एक गतिरोधक माझ्या लक्षात आला नाही. गाडी उडाली, आई उडाली, हळदीची पुडी उडाली. गाडी आणि आई जागेवर परत आल्या. पुडी फुटून सीटवर पसरली.

घरी आल्यावर मी ती कोरडी हळद नुसती मऊ ब्रशने झटकली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण आपल्याकडे डाग दिसला की माणसाच्या हाताला पहिली आठवण होते ती ओल्या फडक्याची. मी ओले फडके घेतले. हळद पसरली. मग कपड्यांचा साबण घेतला आणि घासायला सुरुवात केली. बघता बघता पिवळा डाग लालभडक झाला! दारात उभी असलेली आई म्हणाली, “आरं, काय करायलास? हळदीला खार लावून आमच्या लहानपणी कुंकू करायचे. तू गाडीतच केलास की!”

मी तिच्यावर खेकसलो. पुढे जे झाले त्याचे मूळ या खेकसण्यात आहे, म्हणून नोंद करून ठेवतो.

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार मंडळ जमले. बँकेतल्या एका सहकाऱ्याने टूथपेस्ट सुचवली. शिपायाने पेट्रोलने पुसायला सांगितले. चैत्राच्या उन्हात, बंद गाडीत, पेट्रोल! डागासकट गाडी आणि गाडीसकट मालक जाण्याचा हा खात्रीचा मार्ग होता. शेजारच्या काकूंनी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करून लावायला सांगितले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो, आणि मोटारीएवढ्या जागेत तर त्याहून. डागापायी जीव देणे हे हिशेबात बसत नाही, एवढे वाणिज्य शाखेत शिकवतात.

आणि मग मेव्हणे आले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन आले. सीटवर सोडा पसरला, वरून व्हिनेगर ओतले, आणि जो काय फेस उसळला! गल्लीतली पोरे जमली. “बघा, कशी रिॲक्शन चाललीय,” मेव्हणे म्हणाले. रिॲक्शन खरीच होती, पण ती सोडा आणि व्हिनेगर यांची आपसातली. डागाचा त्यात काही संबंध नव्हता. व्हिनेगर हे आम्ल, सोडा हा अल्कली. दोघांनी एकमेकांना संपवले. वायू हवेत गेला, मागे राहिले पाणी आणि थोडे मीठवजा क्षार. आमच्या भाषेत सांगायचे तर त्याच तारखेला, त्याच रकमेची, एक नोंद जमेला आणि एक नावे. उलाढाल प्रचंड, शिल्लक शून्य. अशी खाती चालवणाऱ्या ग्राहकाकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. सोडा एकटा ठेवला तर वास ओढून घेतो, व्हिनेगर पाणी घालून चहाच्या डागाला एकटे लावले तर काही काम करते. पण दोघांना एकत्र आणून फक्त तमाशा होतो.

फेस धुण्यासाठी मेव्हण्यांनी दोन बादल्या पाणी ओतले. ज्या भागात २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे दोन बादल्या पाणी एका सीटला पाजणे हे मला पापच वाटते. आणि पुण्य म्हणावे तर तेही पदरी पडले नाही. सीटच्या आत फोम असतो. वरून ओतलेले पाणी डागाला घेऊन खाली उतरते आणि वाळताना त्याला घेऊन पुन्हा वर येते. तिसऱ्या दिवशी डाग होता तिथेच होता, भोवती पाण्याची कड उमटली होती, आणि गाडीला कुबट वास मारत होता.

त्या आठवड्यात आईला डॉक्टरकडे न्यायचे होते. मी मागचे दार उघडले आणि सीटवर वर्तमानपत्र अंथरले. डाग झाकावा म्हणून अंथरले, की पुन्हा डाग पडू नये म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आईने कागदाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “मी येष्टीनं जाते. तिथं मला तिकीटबी न्हाई आन् कागदबी न्हाई.”

पंचाहत्तरीपुढच्या माणसांना २०२२ सालापासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. त्या सवलतीचा असा उपयोग कुणी केला असेल असे मला वाटत नाही. रिक्षा करून ती स्टँडवर गेलीसुद्धा. मी तो कागद हातात धरून, दार उघडे ठेवून उभा राहिलो.

संध्याकाळी सातवीतल्या मुलीने मला हळदीचा धडा दिला. हळद हा ‘दर्शक’ आहे. क्षार लागला की लाल, आम्ल लागले की पुन्हा पिवळी. तिने लिंबाचे पाणी कापसाने टिपून लावले आणि लाल डाग खरोखरच पिवळा झाला. “आता पुढे?” मी विचारले. “पुढचं पुस्तकात नाही,” ती म्हणाली. “आजीला विचारा.”

पन्नास वर्षे घरातल्या पदरांवरची, पंचांवरची, लग्नातल्या हळदीची लुगडी जिने धुतली, तिला या सगळ्या गदारोळात कुणी एक शब्द विचारला नव्हता. ती आरोपी होती ना! आरोपीची साक्ष काढायची आमच्या डोक्यातच आले नाही. एस.टी.ने परत आलेल्या आईने चपला काढता काढता निकाल दिला: “उन्हात टाक. हळद उन्हाला टिकत न्हाई.”

हळदीच्या रंगद्रव्याला कुरकुमिन म्हणतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण उजेडात त्याचे विघटन होते. आमच्या जिल्ह्यात पाणी मोजून मिळते आणि ऊन मोजता येत नाही. मी मात्र उन्हाची मोटार सावलीत लावून पाण्यासाठी धावत होतो. मागची सीट उपसून अंगणात टाकली. आठवडाभरात हळद गेली.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. डाग दिसला की आधी हात मागे घ्या आणि तो कशाचा आहे ते विचारा. तेल-तूप असेल तर आधी टाल्कम पावडर टाकून ते शोषू द्या. रक्त किंवा दूध असेल तर गार पाणी. गरम पाण्याने ते कायमचे बसते. फडके पांढरे घ्या, पाणी थोडे घ्या, कडेकडून आत असे टिपत या, आणि काहीही लावण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. आणि घासू नका. हळद गेली, पण मी जिथे घासले तिथे कापडाचे सूत उठले आहे. ते कोणत्याही उन्हाने बसत नाही.

नवरात्रात पुन्हा तुळजापूरला गेलो. गाडीत बसताना आईने विचारले, “कागुद?” मी म्हटले, “नाही.” ती त्या सूत उठलेल्या जागेवरच बसली. येताना गतिरोधक आला, तिने पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि मी ब्रेक दाबून गाडी अगदी चालत्या बैलासारखी वरून नेली. डाग काढण्याचा हा सर्वांत स्वस्त घरगुती उपाय मेव्हण्यांच्या यादीत नव्हता.